रिकाम्या खुर्चीचा हिशेब

आजच्या या पानावर नागली, वरई, खावटी किंवा टँकर यांपैकी एखादा विषय असेल, अशी वाचकांची अपेक्षा असणार. त्याऐवजी आज आम्ही विमानावर लिहीत आहोत. जव्हार-मोखाड्याचा आणि विमानाचा संबंध काय, असे कुणी विचारील. विचारणाराचे चूक नाही. या दोन्ही तालुक्यांत साधा रेल्वेचा रूळ नाही, तिथे विमान कुठले यायचे! संध्याकाळी मोखाड्याच्या थांब्यावर शेवटच्या गाडीची वाट बघत बसलेल्या माणसाला मुंबईहून उत्तरेकडे निघालेल्या विमानाचा लुकलुकता दिवा तेवढा दिसतो. तो डोंगराआड जातो आणि माणूस पुन्हा रस्त्याकडे बघू लागतो.

जुनी माणसे मात्र एक संबंध सांगतील. जव्हार संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात अधिकारी होते. म्हणजे राजाने विमान पाहिले, प्रजेने एसटी पाहिली. आमचा आजचा विषय या दोन वाहनांमधल्या नात्याचा आहे. विमानाला जो न्याय सरकार लावते तो एसटीला का लावत नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

सोलापूरची ७६ आसने

गोष्ट २०२५ सालची. सोलापूरहून मुंबईला विमान सुरू करायचे होते. होटगी रस्त्यावरच्या जुन्या विमानतळाला अडथळा ठरलेली सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, त्या वेळी सभासद शेतकऱ्यांनी किती हळहळ केली ते सर्वांनी वाचले आहे. पुढे विमानतळ तयार झाला. ९ जून २०२५ पासून गोव्याचे विमानही सुरू झाले. पण मुंबईचे विमान परवडेना. तेव्हा राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की या सेवेसाठी प्रत्येक आसनामागे ३,२४० रुपये सरकार देईल. याला सरकारी भाषेत 'व्यवहार्यता तूट निधी' म्हणतात. वर्षाची रक्कम धरली सुमारे १७ कोटी ९७ लाख रुपये. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी स्टार एअर कंपनीने सोलापूर-मुंबई सेवा सुरू केली.

आता हा हिशेब कसा बसवला ते पाहा. विमान ७६ आसनांचे. रोज एक जाणे आणि एक येणे धरले तर १५२ आसने होतात. गुणिले ३,२४०, म्हणजे दिवसाला ४ लाख ९२ हजार ४८० रुपये. त्याला ३६५ ने गुणले की बरोबर तीच रक्कम येते. याचा अर्थ असा, की हिशेब प्रवाशावर मांडलेला नाही, खुर्चीवर मांडलेला आहे. तूट येणार हे सरकारने आधीच मान्य केले आणि तुटीची सोय करूनच विमान सुरू केले.

आम्हाला सोलापूरकरांचा हेवा वाटत नाही. चादरी-टॉवेलचा व्यापारी असो की मुंबईला उपचारासाठी निघालेला रुग्ण असो, त्याचा वेळ वाचला तर चांगलेच आहे. पण या निर्णयातले तत्त्व आम्हाला फार मोलाचे वाटते. 'मार्ग गरजेचा आहे, पण परवडत नाही. म्हणून तूट सरकार भरील,' हे ते तत्त्व. ते सोलापूरच्या विमानाला लागू असेल, तर आमच्या पाड्यावर मुक्कामाला येणाऱ्या लाल गाडीला का नाही?

प्रादेशिक जेट म्हणजे काय?

आधी ही विमाने काय प्रकरण आहे ते समजून घेऊ. मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या मार्गावर १८० च्या आसपास आसनांची विमाने धावतात. एवढे मोठे विमान लहान शहराला पाठवले तर निम्म्याहून अधिक रिकामे यायचे. म्हणून लहान शहरांसाठी ५० ते १०० आसनांची विमाने निघाली. त्यातली काही पंख्याची असतात, जशी फ्रान्स-इटलीच्या कारखान्यांनी मिळून बनवलेली एटीआर. तर काही जेट. जेट प्रकाराला 'रीजनल जेट' म्हणतात. कॅनडाच्या बॉम्बार्डियर कंपनीचे ५० आसनांचे सीआरजे १९९२ साली सेवेत आले. पाठोपाठ ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीने ५० आसनांचे ईआरजे-१४५ काढले. ते १९९५ साली पहिल्यांदा उडाले.

पंख्याचे विमान इंधन कमी खाते आणि आखूड धावपट्टीवर उतरते. जेट वेगाने जाते, लांबचा पल्ला गाठते, पण तेल जास्त पिते. तास-सव्वा तासाच्या प्रवासात दोघांमध्ये दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो. त्यामुळे कुठल्या मार्गावर कुठले विमान घालायचे हे अक्कलहुशारीने ठरवावे लागते. प्रादेशिक विमान कंपनीचे सगळे मर्म एवढ्यातच आहे. जेवढी माणसे, तेवढे वाहन. पाच माणसांच्या घराला लग्नाचे पातेले चुलीवर ठेवून चालत नाही.

स्टार एअर ही कोल्हापूरकडच्या संजय घोडावत समूहाची कंपनी. तिने जानेवारी २०१९ मध्ये ५० आसनांच्या ईआरजे-१४५ विमानांनी सुरुवात केली आणि २०२३ पासून ७६ आसनांची एम्ब्राएर-१७५ विमाने आणली. अशी विमाने उडवणाऱ्या आधीच्या कंपन्यांची अवस्था मात्र बिकट झाली. चेन्नईची पॅरामाउंट २००५ मध्ये उडाली आणि २०१० मध्ये बसली. विजयवाड्याची एअर कोस्टा २०१३ मध्ये सुरू झाली, २०१७ मध्ये थांबली. कारणे साधारण सारखीच होती. विमाने भाड्याची, भाडे डॉलरमध्ये, इंधन महाग आणि प्रवासी मोजके. त्यात मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरायची वेळ मिळणे कठीण. पन्नास माणसांचे विमान उतरले काय आणि एकशे ऐंशी माणसांचे उतरले काय, धावपट्टी तेवढाच वेळ अडते. मग ती वेळ मोठ्याला मिळते, धाकटा ताटकळतो. आगारात दोनच गाड्या शिल्लक असल्या की त्या लांब पल्ल्याला जातात आणि पाड्याची फेरी रद्द होते, हा अनुभव आपल्याला वेगळा सांगायला नको.

वायुदूत ते उडान

लहान गावांना विमानाने जोडायची कल्पना नवी नाही. केंद्र सरकारने १९८१ च्या जानेवारीत 'वायुदूत' ही कंपनी काढली. कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेली १९ आसनांची डॉर्निअर विमाने तिच्याकडे होती. थांबे वाढत वाढत शंभराच्या आसपास गेले. पण पैशाची सोय पक्की नव्हती. तोटा साचत गेला आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करावी लागली. त्यानंतर १९९४ मध्ये सरकारने नियम केला, की मोठ्या शहरांच्या फायद्याच्या मार्गांवर विमाने उडवणाऱ्या कंपन्यांनी ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप अशा अवघड भागांतही ठरावीक प्रमाणात सेवा दिलीच पाहिजे. नफ्याच्या मार्गाने तोट्याच्या मार्गाला सांभाळायचे. मोठ्या भावाने धाकट्याच्या शाळेची फी भरावी, तसे.

पुढे आली 'उडान'. २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली विमाने निघाली, त्यात आपल्या राज्यातले नांदेडही होते. या योजनेत साधारण तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा घालून काही आसने राखून ठेवायची, आणि खर्च व तिकीट यांतली तूट तीन वर्षे सरकारने भरायची. त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या विमानांच्या प्रत्येक फेरीवर आकार बसवला. सुरुवातीला तो साडेसात ते साडेआठ हजार रुपये होता. तुटीत राज्यांचा वाटा वीस टक्के. शिवाय राज्याने या विमानतळांवर इंधनावरचा मूल्यवर्धित कर एक टक्क्यावर आणायचा, पोलीस आणि अग्निशमनाची सोय फुकट द्यायची, वीज-पाणी सवलतीत द्यायचे. एसटीच्या टाकीत पडणारे डिझेल मात्र एक टक्का कराचे नसते, हे जाता जाता लक्षात ठेवावे.

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात सांगण्यात आले, की उडानमुळे ८८ विमानतळ जोडले गेले, ६१९ मार्ग सुरू झाले आणि दीड कोटी लोकांनी प्रवास केला. पुढच्या दहा वर्षांत आणखी १२० ठिकाणे जोडायची घोषणाही त्यात होती. नाण्याची दुसरी बाजू महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे. पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षे पूर्ण केली. आणि तीन वर्षे संपल्यावर, मार्च २०२३ पर्यंत, टिकून होते फक्त ५४. शंभर मार्ग दिले तर सात जगले, असा हा हिशेब झाला.

जवळची उदाहरणे

हे आकडे दूरचे वाटत असतील तर जवळ या. जव्हारपासून सुमारे ८० किलोमीटरवर नाशिक, आणि त्याच्या पलीकडे ओझरचा विमानतळ. २३ डिसेंबर २०१७ रोजी एअर डेक्कनने मुंबईशी नाशिक आणि जळगाव जोडले. विमान पुरते वीस माणसांचेही नव्हते. गाजावाजा झाला, हारतुरे झाले. पण फेऱ्या नियमित होईनात, आणि एप्रिल २०२० मध्ये ती कंपनीच थांबली. नंतर अलायन्स एअर आणि स्टार एअर नाशिकला आल्या. उडानची मुदत सरली तशी २०२२ च्या अखेरीस त्यांची तिथली सेवाही खंडित झाली. मोठ्या कंपनीची विमाने २०२३ मध्ये आली तेव्हा ओझर पुन्हा गजबजले. नाशिक मोठे शहर, कारखान्यांचे शहर; त्याला वाली मिळाला.

सिंधुदुर्गाला तसा चटकन मिळाला नाही. चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले आणि मुंबईचे विमान सुरू झाले. तीन वर्षे भरली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ते मुंबईचे विमान बंद पडले. गणपतीला विमानाने येऊन गेलेला चाकरमानी पुन्हा कोकण रेल्वेच्या रांगेत.

यातून काय शिकायचे? सरकारने पैसे घातले ते चुकले, असे काही मंडळी म्हणतील. आम्ही तसे म्हणणार नाही. चूक पैसे देण्यात नव्हती, तीन वर्षांत गाव आपोआप श्रीमंत होईल या समजुतीत होती. अमेरिकेत १९७८ साली विमान कंपन्यांवरची सरकारी बंधने उठली. तेव्हा तिथल्या संसदेला भीती वाटली, की कंपन्या लहान गावे सोडून देतील. म्हणून त्यांनी 'अत्यावश्यक हवाई सेवा' नावाची योजना केली. ज्या गावाला पूर्वी विमान होते त्याला किमान सेवा मिळालीच पाहिजे, तूट सरकार भरील. ती योजना पन्नाशीला येत चालली तरी चालू आहे. भांडवलशाहीचा एवढा डांगोरा पिटणारा तो देश. पण गावाचा रस्ता तोडायचा नाही, एवढे त्याला कळले. गावाला लागणारी सेवा तीन वर्षांत संपत नसते.

आता आपल्या गाडीचे

आता मोखाड्याच्या थांब्यावर परत येऊ. विमानाच्या धंद्यात किती आसने भरली याचे प्रमाण बघतात. एसटीत त्यालाच 'भारमान' म्हणतात. पाड्यावरच्या फेरीचे भारमान कमी, म्हणून फेरी तोट्यात. फेरी तोट्यात, म्हणून ती आधी अनियमित आणि मग बंद. गाडी अनियमित झाली की माणसे काळी-पिवळी जीप धरतात. माणसे जीपने गेली की भारमान आणखी उतरते. मग आगार म्हणते, बघा, प्रवासीच नाहीत! चोर सोडून संन्याशाला फाशी, अशातला हा प्रकार.

कोरोनाचा काळ आणि त्यामागून ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ असा लांबलेला संप, यांनी राज्यभर एसटीची घडी विस्कटली. ताफा आटला. पहिली कुऱ्हाड पडली ती खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांवर आणि मुक्कामी गाड्यांवर. मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगावे लागेल. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गाडी गावात जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात, आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघतात. त्या पहाटेच्या गाडीत कॉलेजची पोरे असतात, रुग्णालयात निघालेली बाळंतीण असते, पाटीत भाजी नाहीतर मोगरा घेतलेली बाई असते, तहसीलला निघालेला म्हातारा असतो. गाडी दहाला आली तर यातल्या एकाचेही काम होत नाही. म्हणून तिकिटावर मोजून या गाडीची किंमत कळत नाही. खोडाळा, सूर्यमाळ, आसे, विनवळ, झाप, साखरशेत, डेंगाचीमेट या बाजूच्या माणसाला ती बरोबर कळते.

सरकारने एसटीला काही दिले नाही, असे आमचे म्हणणे नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देते. निर्णय चांगले आहेत. पण यातली मेख ओळखा. ही सवलत गाडीत चढलेल्या माणसावर मिळते. ज्या पाड्यावर गाडीच जात नाही, तिथल्या आजीला अर्धे तिकीट काय आणि फुकट तिकीट काय! विमानाला सरकार खुर्चीवर पैसे देते आणि एसटीला बसणाऱ्यावर. इथेच पाणी मुरते. खुर्ची आधी गावात पोचली तर बसणारा मिळेल ना?

आणि हे खुर्चीचे तत्त्व एसटीला अगदीच अपरिचित आहे असेही नाही. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांमध्ये शाळकरी मुलींसाठी निळ्या गाड्या आल्या, तेव्हा मुलींचे तिकीट किती जमते हे कुणी विचारले नाही. मुलगी शाळेत गेली पाहिजे, एवढाच हेतू होता. अशा गाडीने किती मुली दहावी-बारावीपर्यंत पोचल्या, हे कुठल्याही आश्रमशाळेबाहेरच्या पालकाला विचारा. हाच न्याय बाळंतिणीला, म्हाताऱ्याला, मजुराला लावायचा आहे.

धावपट्टी आधी, विमान मागून

कुणी म्हणेल, रस्ताच नाही तिथे गाडी कशी नेणार? रास्त प्रश्न आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये, देश स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा करत असताना, मोखाड्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीच्या मरकटवाडीत सातव्या महिन्यात बाळंत झालेल्या एका मातेची जुळी बाळे दगावली. रस्ता नव्हता, तिला डोलीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागले. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ साली जव्हारचे नाव देशभर झाले, त्याला तीस वर्षे उलटल्यावरची ही गोष्ट. अशा ठिकाणी आधी रस्ता, मग गाडी, हे खरेच आहे.

पण विमानाच्या बाबतीत सरकार काय करते? धावपट्टी नाही म्हणून कंपनीला दोष देत बसत नाही. आधी धावपट्टी बांधते, मनोरा उभारते, आगीचा बंब आणून ठेवते, आणि मग कंपनीला आवतण देते. वर तूटही भरते. अमरावतीला असेच झाले. १६ एप्रिल २०२५ रोजी तिथे मुंबईचे विमान सुरू झाले. आमच्या पाड्याला ना मनोरा हवा ना बंब. पावसाळ्यात वाहून न जाणाऱ्या दोन मोऱ्या आणि गाडी वळवायला जागा, एवढीच आमची धावपट्टी.

दुसरा आक्षेप असा, की विमानाचे पैसे विमानवाल्यांकडूनच घेतले जातात. उडानपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण त्यातला राज्याचा वाटा आणि सोलापूरचे ते १७ कोटी ९७ लाख राज्याच्या तिजोरीतलेच आहेत. त्या तिजोरीत मोखाड्याचा माणूसही भर घालतो. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर गेलेला मजूर काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक गोष्टीवर कर भरतो. शिवाय या तालुक्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस वैतरणेच्या धरणांतून मुंबईच्या नळाला जातो. त्या पाण्याच्या खेपेला कुणी भारमान लावलेले नाही.

तिसरा आक्षेप आम्ही गंभीर मानतो. पैसे दिले तर गाडी कागदावर धावेल, रस्त्यावर नाही. ही भीती खरी आहे. म्हणून उडानची चांगली बाजू घेताना तिचे दोषही समोर ठेवले पाहिजेत.

काय करता येईल?

एक. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला वजन दिले आहे. कुठल्या पाड्याला किती वाजता गाडी हवी, हे ग्रामसभांनी ठरवून द्यावे. मंत्रालयात बसून वेळापत्रक करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे.

दोन. या फेऱ्यांना 'अत्यावश्यक फेरी' असे नाव देऊन त्यांची तूट राज्याने आसनामागे किंवा किलोमीटरमागे भरावी. केवळ हिशेबासाठी धरू, की एका मुक्कामी फेरीला दिवसाला पाच हजार रुपये तूट येते. सोलापूरच्या विमानासाठी मंजूर झालेल्या एका दिवसाच्या रकमेत अशा ९८ फेऱ्या चालतील. एवढ्या फेऱ्या दोन तालुक्यांना लागणारही नाहीत.

तीन. वाहन मापाचे हवे. ज्या रस्त्यावर पंधरा-वीस माणसे असतात तिथे मोठी गाडी कशाला? प्रादेशिक जेटवाल्यांनी जे शहाणपण दाखवले ते इथेही चालेल. अरुंद घाटात वळणारी लहान गाडी महामंडळाने घ्यावी. भारमान आपोआप सुधारेल.

चार. जोडणी साधावी. मोठ्या विमानतळावर लहान गावांची विमाने आधी येतात आणि लांबची मागून सुटतात. जव्हार आगारातही तसेच व्हावे. पाड्यांच्या गाड्या आल्यावर नाशिकची आणि पालघरची गाडी सुटावी. आज दहा मिनिटांनी गाडी चुकलेल्या माणसाचा अख्खा दिवस स्टँडवर जातो.

पाच. फेरी रद्द झाली तर त्या दिवसाचा निधी कापावा आणि रद्द फेऱ्यांचा तक्ता दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. उडानचे निम्म्याहून अधिक मार्ग सुरूच झाले नाहीत, हे महालेखापरीक्षकांनी तपासले म्हणून कळले. आमच्या फेऱ्यांचा लेखापरीक्षक गावच होऊ द्या.

सहा, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. तीन वर्षांची मुदत नको. चिपीला काय झाले ते पाहिले. डोंगर तीन वर्षांत सपाट होत नाही आणि गरिबीही सरत नाही. गाव सांगेल तोवर गाडी चालली पाहिजे.

शेवटी

आपल्या पालघर जिल्ह्यावर सध्या मोठ्या योजनांचा पाऊस आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून हा जिल्हा वेगळा झाला तो आदिवासी भागाला कारभार जवळ यावा म्हणून. आता ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेले सुमारे ७६ हजार कोटींचे वाढवण बंदर आहे. बुलेट ट्रेनची स्थानके आहेत. वाढवणजवळ नवा विमानतळ करण्याचा प्रस्ताव आहे. ओझरला कारखाना असलेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने २७ ऑक्टोबर २०२५ रोजी रशियाच्या कंपनीशी प्रादेशिक जेट भारतात बनवण्यासाठी सामंजस्य करार केला आहे. अशी दोनशेहून अधिक विमाने दहा वर्षांत देशाला लागतील, असा तिचा अंदाज आहे. उद्या ती विमाने आपल्याच डोक्यावरून उडतील. उडोत. आमच्या पोरांपैकी कुणी त्यांत वैमानिक म्हणून बसले, तर आम्ही तारपा वाजवून स्वागत करू.

पण तो पोरगा वैमानिक व्हायचा तर त्याला आधी पाड्यावरून पहाटेची गाडी मिळाली पाहिजे. ती चुकली की शाळा चुकते, आणि शाळा चुकली की वीटभट्टी ठरलेली. म्हणून आमदार-खासदार, पालकमंत्री आणि महामंडळ यांच्याकडे आमचे एवढेच मागणे आहे. विमानातल्या रिकाम्या खुर्चीचा हिशेब ज्या उदारपणे केलात, त्याच वहीच्या पुढच्या पानावर मोखाड्याच्या मुक्कामी गाडीतल्या रिकाम्या बाकाचाही हिशेब मांडा.

आणि वाचकहो, आपणही गप्प बसू नका. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आपल्या पाड्याची कुठली फेरी बंद आहे, ती केव्हापासून बंद आहे आणि किती वाजता हवी आहे, हे ठरावात लिहा, सह्या-अंगठे घ्या, आणि त्याची एक प्रत आगारात, एक तहसीलला, एक जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही. मग सरकारची काय कथा!